आधी बाई, मग इमारत

गेल्या अंकातल्या माझ्या लेखावर आलेली पत्रं समोर आहेत. लेखाचा मुद्दा एवढाच होता की हिंदुकुश, काराकोरम, हिमालय किंवा ॲटलास अशा पर्वतांमधल्या उंच, दुर्गम आणि जुन्या चालीरीतींना घट्ट धरून असलेल्या वस्त्यांमध्ये मुलींची शाळा अडते ती बहुतेक वेळा पैशावर नाही, शिकवणाऱ्या बाईवर. गावोगावच्या शिक्षिका तयार करण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं अशाच काही खोऱ्यांत गेली, त्यामुळे या विषयावर कोरडेपणाने लिहिणं मला जमत नाही. काही वाचकांनी दुजोरा दिला, काहींनी चांगलंच फैलावर घेतलं. दोन्ही प्रकारची पत्रं घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : आईच्या नावाने हिमालयातल्या एखाद्या दुर्गम गावात मुलींसाठी शाळा बांधून द्यावी, अशी आम्हा तिघा भावंडांची इच्छा आहे. पैसे जमले आहेत. एका संस्थेने गावही सुचवलं आहे. तुमचा लेख वाचून मात्र पाऊल अडखळलं. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : आईच्या नावाने काही उभं राहावं ही इच्छा मोलाची आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. नकाशा, कंत्राटदार, भूमिपूजन हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. संस्थेला एकच विचारा : त्या गावात आठवी-दहावी झालेली, गावातच राहणारी बाई आहे का? लेक असो, सून असो, नवऱ्यामागे एकटी राहिलेली असो.

असेल, तर शाळा पुढच्याच महिन्यात सुरू होईल. तिच्या घरातली एक खोली, एक फळा आणि पंधरा-वीस मुली, एवढ्यावर भागतं. नसेल, तर बांधलेल्या इमारतीचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. बाहेरून नेमलेले गुरुजी बर्फ पडायच्या आत खाली उतरतात आणि खिंड मोकळी झाली तरी लगेच वर येत नाहीत. आले तरी ते परके आणि पुरुष, त्यामुळे दहा वर्षांच्या पुढची मुलगी त्यांच्यासमोर बसवायला घर तयार नसतं. दोन वर्षं अशी गेली की लहान मुलीही यायच्या थांबतात. मग त्या खोल्यांत बटाट्याची पोती रचली जातात, गुरांसाठी वाळलेलं गवत भरलं जातं. गावकऱ्यांचं त्यात काही चुकतं असं मला वाटत नाही, कोरडी आणि पक्क्या छपराची जागा रिकामी का ठेवायची? पण तुमच्या आईचं नाव अशा दारावर असू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता अंतराचं बघा. मध्य अफगाणिस्तानात घोर नावाचा प्रांत आहे, सगळा उंच आणि खडकाळ मुलूख. डेना बर्ड आणि ली लिंडन या संशोधकांनी तिथल्या ३१ गावांत एक पाहणी केली, साल २००७-०८. काही गावांना चिठ्ठी काढावी तसं निवडून गावातच शाळा दिली आणि बाकीच्या गावांना ती वर्षभर उशिरा दिली. म्हणजे फरक पडला तर तो शाळेमुळेच, हे कळावं. या शाळांना वेगळ्या इमारती नव्हत्या. वर्ग मशिदीत भरायचे किंवा कुणाच्या तरी घरात, शिक्षक गावातलेच आणि पुस्तकं सरकारी. शाळा मिळालेल्या गावांत शंभर मुलींमागे जवळपास ५२ जादा मुली शाळेत जाऊ लागल्या. मुलग्यांचं प्रमाणही वाढलं, पण शंभरामागे ३५च्या आसपास. शाळेत जाणाऱ्या मुली आणि मुलगे यांच्यातली तफावत वर्षभरात जवळजवळ मिटली. आणि घरापासून शाळा एकेका मैलाने लांब गेली की शंभरातली सोळा मुलं गळतात, असंही त्यांना आढळलं. हा हिशेब मी कित्येक बैठकांत मांडला आहे, कारण शहरात बसून आपण एका मैलाला काहीच समजत नाही.

बलुचिस्तानच्या डोंगराळ भागात १९९०च्या दशकात मुलींच्या प्राथमिक शाळा काढताना क्रम असाच उलटा लावला होता. आधी गावात शिकलेली बाई शोधायची, पालकांची समिती करायची, काही महिने वर्ग चालवून दाखवायचा आणि मग पक्की मंजुरी. मला हाच क्रम बरोबर वाटतो.

तेव्हा तुमच्या पैशाचं काय करायचं? त्यातून एका बाईंचा दहा वर्षांचा पगार बाजूला काढा. वेळच्या वेळी, बारा महिने, बर्फाच्या सुट्टीतसुद्धा द्यायचा. दर हिवाळ्यात तिचं स्वतःचं पुढचं शिक्षण होईल, याची सोय करा. आठवी झाली असेल तर दहावी, दहावी असेल तर बारावी. मुली चौथी-पाचवीपर्यंत पोचल्या आणि घरातली खोली अपुरी पडू लागली, की इमारत बांधा. तेव्हा गाव दगड आणि लाकूड स्वतःहून देईल, जागाही हक्काची देईल, आणि त्या पाटीवर आईचं नाव आनंदाने घाला.

प्रश्न : तुम्ही शिक्षिका, अंतर असल्या व्यवस्थेच्या गोष्टी सांगता, पण मूळ कारणाला हात घालत नाही. मूळ कारण धर्म आहे. आधी मानसिकता बदलायला हवी, मग शाळा. महाविद्यालयात आमच्या गटात यावर खूप वाद झाला.

उत्तर : वाद झाला हे चांगलंच झालं. आता पाकिस्तानच्या ताब्यातल्या गिलगिट-बाल्टिस्तानचा नकाशा समोर घ्या आणि काराकोरम महामार्गावर दोन ठिकाणी बोट ठेवा : वर हुंझा, खाली सिंधूच्या काठी चिलास, म्हणजे दियामेर जिल्हा.

हुंझातले बहुसंख्य लोक इस्माइली मुसलमान, म्हणजे शियांमधला एक पंथ. त्यांचे इमाम, म्हणजे धर्मगुरू, तिसरे आगाखान यांचा हीरक महोत्सव १९४६मध्ये झाला आणि त्याच्या नावाने त्या दशकात या खोऱ्यांत शाळा निघाल्या. मुलगा आणि मुलगी यांच्यातल्या एकालाच शिकवणं परवडत असेल तर मुलीला शिकवा, हा त्यांचा उपदेश तिथे आजही घरोघर सांगतात. पुढे १९८०च्या दशकात करीमाबादला मुलींसाठी वसतिगृहासकट मोठं विद्यालय झालं. तोवर पहिल्या शाळांतून शिकलेल्या बायकांच्या मुली शिकवायला उभ्या होत्या. आज हुंझातली मुलगी शाळेत जाते ही तिथे बातमीच नाही.

दियामेरमध्ये ऑगस्ट २०१८मध्ये एका रात्रीत किमान बारा शाळांवर हल्ले झाले, त्या जाळल्या, फोडल्या. त्यातल्या बहुतेक मुलींच्या. आणि दुसऱ्या दिवशी चिलासमध्येच माणसं निषेधाला रस्त्यावर आली.

महामार्ग एकच, डोंगर तेच, दोन्हीकडे मुसलमान. पंथ वेगळे आहेत हे खरं, पण ‘धर्म’ एवढा एक शब्द उच्चारून यातलं काय समजलं? हुंझात धर्माच्याच अधिकाराने मुलींना शाळेत घातलं. घोरमध्ये वर्ग मशिदीत भरले ते मशिदीचा विरोध असता तर भरले असते का? गावाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाने आधी कुणाच्या मुलीसाठी शब्द टाकला, हे मी नेहमी विचारते. बरेचदा तो मौलवी असतो, लामा असतो, नाहीतर गावचा बुजुर्ग असतो, आणि त्याने स्वतःची नात पाठवली की निम्मं काम होतं.

एका बैठकीचं सांगते. खोऱ्याचं नाव देत नाही. नातींना शाळेत पाठवत नाही म्हणून एका आजोबांची ‘हट्टी’ अशी नोंद आमच्या वहीत होती. त्यांना मी विचारलं, बाबा, का पाठवत नाही? त्यांनी काठीने मातीत वाट काढून दाखवली. हे घर. हा ओढा, त्यावर आडवं टाकलेलं लाकूड. मग सडक, तिथे ट्रक थांबतात, ड्रायव्हर चहा पितात. त्याच्या पलीकडे शाळा. ट्रकच्या जागी काठी रोवून म्हणाले, “इथपर्यंत पाठवतो. इथून पुढे नाही.” त्या माणसाने धर्माचं नावही काढलं नाही. पहिली ते तिसरीचा वर्ग ओढ्याच्या अलीकडे एका घरात हलवला आणि त्यांच्या तिन्ही नाती आल्या. पाकिस्तानच्या ग्रामीण भागातल्या अभ्यासांतही हेच दिसतं की मुलीच्या बाबतीत नुसतं अंतर बघून चालत नाही, वाट दुसऱ्यांच्या वस्तीतून जाते का हेही बघावं लागतं.

तुमच्या गटातल्या मित्रांना सांगा, मानसिकता आधी बदलते आणि मग शाळा निघते, असं मी कुठेच पाहिलं नाही. दाराजवळ शाळा निघते, ओळखीची बाई शिकवते, एखादी मुलगी औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवते, आणि मग बाप म्हणतो की आम्ही कधी नाही म्हटलं होतं? म्हणू द्यावं.

मात्र ओढ्याअलीकडचे आजोबा आणि बंदूकधारी संघटना यांची गल्लत करू नका. पाकिस्तानच्या स्वात खोऱ्यात १५ जानेवारी २००९पासून मुलींच्या शाळा बंद, असं तालिबानने रेडिओवरून फर्मान काढलं आणि शेकडो शाळा उद्ध्वस्त केल्या. ते स्वातच्या आईबापांचं मत नव्हतं. मलाला युसुफझाईवर २०१२मध्ये गोळी झाडली गेली, तेव्हा ती शाळेतूनच घरी निघाली होती. तिच्या वडिलांनी स्वतः मुलींची शाळा चालवली होती, याचा आपल्याला फार लवकर विसर पडतो.

प्रश्न : मुलींची शाळा वेगळी हवी की एकत्र चालते?

उत्तर : वीस घरांच्या पाड्यावर दोन शाळा निघूच शकत नाहीत. लहान वर्ग एकत्र चालतात, शिकवणारी बाई असली की कुणी फारशी हरकत घेत नाही. हिमाचल प्रदेशात वस्तीवस्तीला छोट्या, एकत्र शाळा निघाल्या. १९९६मध्ये उत्तर भारतात झालेल्या ‘प्रोब’ या प्राथमिक शिक्षणाच्या सर्वेक्षणात तिथल्या मुली जवळपास मुलग्यांच्या बरोबरीने शाळेत दिसल्या, तेही बाकीची पाहिलेली राज्यं बरीच मागे असताना. अर्थात हिमाचलात बायका पूर्वीपासून शेतात, रानात, बाजारात वावरतात, तो फरकही मोठा आहे. सहावीच्या पुढे मात्र मुलींच्या आयांना विचारा आणि त्या म्हणतील तसं करा. स्वतंत्र वर्ग हवा म्हणाल्या तर तत्त्वाचा प्रश्न करू नका.

प्रश्न : आमचं महिला मंडळ दुर्गम भागातल्या शाळांना सॅनिटरी नॅपकिन पाठवण्याचा विचार करत आहे. पाळीमुळे मुली शाळा सोडतात, असं वाचलं. याचा उपयोग होईल ना?

उत्तर : मुलींना स्वच्छ, कोरडं काही मिळावं हे आपल्या जागी योग्यच आहे, जरूर पाठवा. पण त्याने हजेरी वाढेल, असं गृहीत धरू नका. नेपाळमध्ये चितवन भागात एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन यांनी हे तपासलं. काही मुलींना पाळीसाठी वापरायचे कप दिले, काहींना दिले नाहीत. हजेरीत फरक पडला नाही, कारण मुळात पाळीमुळे मुलींचे वर्षाकाठी बुडणारे दिवस फारच थोडे निघाले. चितवन सखल भाग आहे. पश्चिम नेपाळच्या डोंगरांत छाउपडीची चाल आहे, पाळीत मुलीला घराबाहेर झोपडीत ठेवतात. तिथली गोष्ट वेगळी असू शकते.

मला विचाराल तर त्यातले थोडे पैसे शौचालयावर घाला, आणि नवं बांधण्याआधी आहे ते जाऊन बघा. एका शाळेत मोठ्या मुली सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नव्हत्या. शौचालय होतं, दार होतं, आतून कडीही होती. पण दार उघडत होतं ते वरच्या वाटेकडे, आणि त्या वाटेने दिवसभर माणसं खेचरं हाकत जायची. आत कोण जातंय, कोण बाहेर येतंय, सगळ्या गावाला दिसायचं. दाराची बाजू बदलली, समोर डोक्याच्या वर जाईल एवढी दगडांची आडभिंत रचली. गवंडी गावातलाच होता. मुली पाणी प्यायला लागल्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. प्राथमिकचं तुम्ही म्हणता ते पटलं, पण पाचवीनंतर काय? आमच्या ओळखीची एक संस्था डोंगरात काम करते. तिथे पाचवीपर्यंत वर्ग भरलेला आणि सहावीच्या पटावर दोन मुली. शिवाय शिकलेली मुलगी गाव सोडून जाते, मग गावाला त्याचा काय फायदा, असं तिथले लोक विचारतात.

उत्तर : बाई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही एकमेकांत अडकलेले आहेत.

डोंगरात माध्यमिक शाळा प्रत्येक वस्तीला देता येत नाही, हे तर उघड आहे. गणिताला एक, विज्ञानाला एक, भाषेला एक असे शिक्षक वीस घरांसाठी मिळणार नाहीत. मग राहतं वसतिगृह. मोरोक्कोच्या उंच ॲटलास पर्वतात अमाझिग (बर्बर) लोकांच्या गावांत हीच अडचण होती : प्राथमिक शाळा गावात, पुढची शाळा खोऱ्याच्या तोंडाशी. ‘एज्युकेशन फॉर ऑल’ या संस्थेने २००७मध्ये अस्नी गावी माध्यमिक शाळेजवळ मुलींसाठी पहिलं निवासघर उघडलं. शाळा सरकारी, राहण्याची सोय संस्थेची, आणि घर सांभाळणाऱ्या बायका त्याच डोंगरांतल्या, त्यांची भाषा बोलणाऱ्या. आपल्याकडे कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय योजना २००४पासून याच विचाराने आली. आधी ती सहावी ते आठवीपुरती होती, २०१८मध्ये ती समग्र शिक्षा योजनेत आल्यावर बारावीपर्यंत नेण्याची सोय झाली.

वसतिगृह भरतं की रिकामं राहतं, हे वॉर्डनवर ठरतं. तुमच्या ओळखीच्या संस्थेला सांगा, पहिल्या वर्षी मुलींच्या आधी त्यांच्या आयांना बोलवा. दोन रात्री राहू द्या. त्या स्वयंपाकघर बघतील, दरवाजे किती वाजता लागतात ते बघतील, रात्री मुलींच्या खोलीजवळ कोण झोपतं ते विचारतील. घरी जाऊन त्या जे सांगतील ते तुमच्या कोणत्याही माहितीपत्रकात लिहिता यायचं नाही. वर्षाचं वेळापत्रकही त्यांच्या कामांना धरून लावा. नेपाळच्या डोल्पा भागात यार्सागुंबा ही महागडी औषधी बुरशी वेचायच्या दिवसांत अख्खी घरंच्या घरं वरच्या कुरणांवर जातात आणि शाळा ओस पडतात. त्याच दिवसांत परीक्षा ठेवून मुली नापास झाल्या असं म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरा प्रश्न : मुलगी जाते, मग गावाला काय? इथे मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. दहावी झालेला मुलगा सैन्यात जातो, शहरात जातो, आखातात जातो. मुलीचं लग्न होतं, पण डोंगरात ते बहुतेकदा त्याच खोऱ्यात, नाहीतर शेजारच्या खोऱ्यात होतं. म्हणजे तिच्या माहेरची शाळा सासरच्या गावाला शिक्षिका देते. ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि असीम ख्वाजा या तिघा अर्थतज्ज्ञांनी पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये हे मोजून दाखवलं. ज्या गावात सरकारने मुलींची माध्यमिक शाळा काढली होती, तिथे पुढे खासगी प्राथमिक शाळा निघण्याची शक्यता तिपटीने जास्त होती. मुलग्यांच्या शाळेमुळे असं काही घडलं नाही. कारण साधं आहे, तिथे शिकलेल्या मुली गावातच होत्या आणि शिकवायला तयार होत्या. पंजाब सपाट आहे, पण मी डोंगरात हेच पाहिलं.

आणि यातलं दुखणंही सांगायला हवं. या बाया गावाबाहेर नोकरीला जाऊ शकत नाहीत म्हणून त्या कमी पगारात मिळतात. कित्येक शाळा या अडचणीवरच चालतात. तुमच्या ओळखीच्या संस्थेने तरी असं करू नये. गावात सरकारी गुरुजींना जो पगार मिळतो, त्याच्याशी तुलना होईल असा पगार तिला मिळायला हवा. तिच्या पगाराचा आकडा गावात सगळ्यांना कळतो आणि त्यावरूनच पुढच्या मुलीचा बाप ठरवतो की सहावीत घालायचं की नाही.

लोकांना पटेल असं आणखी एक कारण आहे, ते बायांच्या बैठकीत मी नेहमी पुढे करत असे. बायकोला पुरुष डॉक्टरकडे नेणार नाही, असं म्हणणाऱ्या घराला बाई डॉक्टर, बाई नर्स, सुईण लागतेच. ती कुठून येणार? पाकिस्तानने १९९४मध्ये गावोगावी महिला आरोग्य सेविका नेमायला सुरुवात केली. अट अशी की ती त्याच गावची हवी आणि किमान आठवी शिकलेली हवी. ज्या गावात आठवी झालेली एकही नव्हती, त्या गावाला सेविका मिळाली नाही. बाळंतपणात लेक गमावलेल्या आईला हे समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : अफगाणिस्तानात आता सहावीनंतर बंदीच आहे. मग तुमच्या सगळ्या उपायांना अर्थ काय उरतो?

उत्तर : तिथे माध्यमिक शाळांचे दरवाजे सप्टेंबर २०२१पासून मुलींना बंद आहेत. २३ मार्च २०२२ला शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरं घेऊन आल्या आणि त्यांना दारातून परत पाठवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठं बंद झाली, आणि डिसेंबर २०२४मध्ये परिचारिका आणि सुईणीचं शिक्षणसुद्धा. किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणापासून अडवल्या गेल्याचं युनेस्कोने २०२४मध्ये सांगितलं. घोरमधल्या ज्या मुली वस्तीशाळेत बसल्या, त्यांच्या मागून आलेल्या मुलींची आज ही स्थिती आहे, आणि ते लिहिताना मला संताप येतो. हा गावाचा निर्णय नाही, राज्यकर्त्यांचा आहे, आणि वस्तीशाळा काढून तो फिरवता येणार नाही. त्यासाठी राजकीय दबावच लागेल.

तरीही अर्थ उरतो. सहावीपर्यंतच्या शाळा उघड्या आहेत, त्यात मुली टिकवणं हे आज करता येण्याजोगं काम आहे, कारण तिथेही अंतर आणि शिक्षिका हीच गाठ आहे. आणि बंदी पहिल्यांदाच आलेली नाही. साकेना याकूबी या अफगाण बाईंनी १९९५मध्ये ‘अफगाण इन्स्टिट्यूट ऑफ लर्निंग’ ही संस्था काढली आणि तालिबानच्या पहिल्या राजवटीत ८० घरांमधल्या गुप्त वर्गांना आधार दिला. तीन हजार मुली त्यांत शिकल्या. त्या वर्गांत शिकवणाऱ्या बायका बंदीच्या आधी शिकलेल्या होत्या. म्हणून मला खरी भीती पुढच्या दहा-पंधरा वर्षांची वाटते, तेव्हा घरात वर्ग घ्यायला शिकलेली बाई कुठून आणायची? आज चाळिशीत असलेल्या प्रत्येक अफगाण शिक्षिकेला घरबसल्या, ऑनलाइन का होईना, काम आणि पगार मिळत राहणं मला त्यासाठीच तातडीचं वाटतं.

प्रश्न : नोकरी लागण्याआधी माझ्याकडे तीन महिने आहेत. डोंगरातल्या एखाद्या शाळेत मुलींना शिकवायला जायचं आहे. कोणत्या महिन्यात जाऊ? काय शिकवू?

उत्तर : जा, पण मुलींना शिकवू नका, त्यांच्या बाईंना शिकवा. तुम्ही तीन महिन्यांनी निघून जाल, त्या राहणार आहेत. उंच भागात डिसेंबर ते फेब्रुवारी शाळा बंद असतात, तेव्हा बाईंना थोडी सवड असते. तेच महिने निवडा, थंडीची तयारी ठेवा.

आठवीपर्यंत शिकलेल्या बाईंना पाचवीचं गणित शिकवताना कुठे अडतं ते मला पाठ झालं आहे : अपूर्णांक, भागाकारातली बाकी आणि शाब्दिक उदाहरणं. उदाहरणं तर दुहेरी अवघड. घरात शिना, बुरुशास्की, बाल्टी किंवा वाखी अशी तिथली भाषा आणि पुस्तक उर्दूत, म्हणजे गणिताआधी वाक्यच लागत नाही. रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून पुढच्या सत्राचा एकेक धडा त्यांच्यासोबत सोडवा. त्यांनी त्यांच्या भाषेत टिपणं लिहायची, तुम्ही लिहून द्यायची नाहीत. राहायची सोय बायकांच्या घरात करा. तुम्ही मुलगा असाल तर हे काम तुम्हाला मिळणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. खाली तालुक्याच्या गावी मुलांच्या शाळेतल्या गुरुजींनाही अपूर्णांक अडतातच.

मुलींचे फोटो काढू नका, कुणी हसून परवानगी दिली तरी नाही. गावातल्या मुलीचा चेहरा अनोळखी माणसांच्या फोनवर फिरला, असं एकदा कानावर गेलं की चार घरं मुली काढून घेतात आणि त्याचा जाब तुम्हाला नाही, बाईंना द्यावा लागतो. निघण्याआधी संस्थेला विचारा की तुमच्यानंतर पुढच्या हिवाळ्यात कोण येणार आहे. कुणीच येणार नसेल, तर तुमच्या प्रवासाचे आणि राहण्याचे पैसे बाईंच्या दहावीच्या परीक्षेसाठी द्या आणि त्यांना फोनवरून आठवड्यातून दोनदा गणित शिकवा.